परसबागेतील अवजारघराचे जोते

पावसाळा सरून आश्विनाचे ऊन पडू लागले म्हणजे बागाईतदार परसातील अवजारघर उघडावयास जातो आणि दार उघडत नाही. कडी निघालेली असते, बिजागऱ्या शाबूत असतात, परंतु फळीचा खालचा कोपरा उंबरठ्यावर रुतून बसलेला असतो. खांदा लावून दार लोटले तर आत भिंतीच्या एका अंगाने ओलीची रेघ वर चढलेली दिसते, तळाशी ठेवलेल्या युरियाच्या पोत्याचा दगड झालेला असतो, आणि पुढील हंगामासाठी जपून ठेवलेल्या बियाण्याला बुरशीचा वास येत असतो. सुताराला बोलावले तर तो दाराची खालची कड रंध्याने तासून देतो. पुढच्या वर्षी ती पुन्हा तासावी लागते. दोष दारात नसतो, सुताराच्या हातातही नसतो. तो घराखालच्या जमिनीत असतो, आणि तो तेथे वैशाखातच घातला गेलेला असतो.

अवजारघर ही इमारत म्हणण्याजोगी मोठी वस्तू नव्हे. कुदळ, फावडे, घमेले, फवारणीचा पंप, खतांची व पेंडीची पोती, रोपांच्या पिशव्या आणि पाण्याची नळी एवढे सामान राहील असे पत्र्याचे अगर फळ्यांचे खोपटे, इतकीच त्याची व्याप्ती. म्हणूनच त्याच्या पायाकडे दुर्लक्ष होते. वरच्या पत्र्याची जाडी दुकानदाराशी घासाघीस करून ठरविली जाते. खालच्या जमिनीची चौकशी कोणी करीत नाही. घर हलके आहे, त्याला पाया कशाला, असा युक्तिवाद पुष्कळदा ऐकू येतो. घर हलके असते हे खरे. परंतु आतले सामान हलके नसते. पन्नास किलोची वीस पोती एका भिंतीला लावून रचली म्हणजे त्या एका बाजूवर टनभर ओझे येते आणि समोरच्या बाजूला चार कुदळी टांगलेल्या असतात. जमीन सर्वत्र सारखी खचली तर घराचे विशेष बिघडत नाही. ती एका कोपऱ्यात अधिक खचली म्हणजे चौकट मुरडते, पत्र्याचे सांधे उघडतात आणि पाऊस आत येतो.

नवी मुंबईच्या परिसरात ही अडचण इतर ठिकाणांहून अधिक जाणवते. सिडको ही संस्था १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर नव्या शहराची आखणी झाली. त्या भूमीत भाताची खाचरे होती, मिठागरे होती, खाजणे होती आणि पारसिकच्या डोंगराचा खडकाळ उतार होता. शहर उभे राहिले तरी ती जमीन नाहीशी झाली नाही. ती फरशीखाली व हिरवळीखाली तशीच आहे. गावठाणातील परसू, बैठ्या घरांपुढील चार वाफे, गृहनिर्माण संस्थांच्या बागा, पनवेल-उरणकडील रोपवाटिका आणि वाड्या, यांपैकी प्रत्येक जागेखाली या तिहींपैकी कोणती तरी एक जमीन असते. कोणती आहे ते ओळखल्याशिवाय जोते घालणे म्हणजे आजार न पाहता औषध देण्यासारखे आहे.

जमिनीची ओळख

डोंगराच्या पायथ्याची जमीन सर्वांत सोयीची. बेलापूर, खारघर या बाजूंस काळा दगड वरच असतो आणि त्यावर हात-दोन हात मुरूम. असा मुरूम घट्ट असतो, पाणी धरून ठेवीत नाही आणि ओझ्याखाली दबत नाही. तेथे अडचण असते ती उताराची, आणि डोंगरावरून वाहत येणाऱ्या पाण्याची.

दुसरी जमीन भातखाचराची. वर्षानुवर्षे चिखलणी झालेली ही चिकण माती ओलीने फुगते व उन्हाळ्यात वाळली म्हणजे भेगाळते. तिच्यावर थेट मांडलेली फरशी आषाढात वर येते आणि चैत्रात खाली बसते. मधल्या भागापेक्षा कडेची माती लवकर भिजते व लवकर वाळते, म्हणून कडा आणि मध्य यांची हालचाल कधीच सारखी होत नाही.

तिसरी जमीन खाडीकाठची, आणि तीच सर्वांत फसवी होय. वरून पाहिले तर तेथे उत्तम मुरूम दिसतो. बागाईतदार समाधान पावतो. परंतु तो मुरूम दुसरीकडून आणून टाकलेला असतो, आणि त्या भरावाखाली निळसर काळी, लोण्यासारखी मऊ, खारी चिकण असते. तिच्या कणांमध्ये पाणी कोंडलेले असते. वर ओझे आले की ते पाणी हळूहळू बाहेर पडते व तेवढी जमीन खाली बसते. ही क्रिया महिन्यांत संपत नाही. तिला वर्षे लागतात. इटलीतील पिसा येथील मनोऱ्याची कथा सर्वश्रुत आहे. त्याचे काम ११७३ साली सुरू झाले, आणि पुरते होण्याच्या आधीच तो कलला, कारण त्याच्या एका अंगाची मऊ माती अधिक दबली. मनोऱ्याच्या बांधणीत खोट नव्हती.

या खाडीकाठाला शेतकऱ्यांनी फार पूर्वीपासून ओळखले होते. आगरी शेतकऱ्यांनी येथे मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडविले, उघाडीतून पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडले आणि खाऱ्या जमिनीत भात पिकविला. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्र आजही याच प्रकारच्या जमिनीवर काम करीत असून, खार सहन करणाऱ्या भाताच्या जाती तेथून निघाल्या आहेत. बांध घालणाऱ्या त्या शेतकऱ्यास दोन गोष्टी अनुभवाने ठाऊक होत्या. एक, ओल्या चिकणीवर घातलेली माती पहिल्या पावसाळ्यात बसते, म्हणून बांधाची उंची आरंभी हवी त्याहून अधिक ठेवावी लागते. दुसरी, खाचर समतल आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. त्यात पाणी सोडावे आणि ते कोठे उथळ व कोठे खोल राहते ते पाहावे. गवंड्याच्या पेटीतील पाणसळ याहून निराळे काही करीत नाही.

याच भागात अलीकडे समतल भूमी तयार करण्याचे एक फार मोठे काम झाले. नवी मुंबईच्या विमानतळाची कोनशिला १८ फेब्रुवारी २०१८ रोजी बसविली गेली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. या अवधीत जमिनीच्या तयारीलाच कितीतरी काळ द्यावा लागला. सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी कापण्यात आली, दलदलीच्या जागेत भराव घालण्यात आला आणि उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. धावपट्टी आणि अवजारघर यांची तुलना हास्यास्पद वाटेल. परंतु कामाचा क्रम पाहिला तर तोच आहे: आधी पाण्याला वाट, मग भराव, आणि शेवटी वरचे बांधकाम. परसातील कामात हा क्रम बहुधा उलटा होतो. घर आधी येते आणि पाण्याचा विचार श्रावणात सुचतो.

परीक्षेचा खड्डा

फाल्गुन-चैत्रात, जमीन कोरडी असताना, नियोजित जागेच्या मध्यभागी दोन फूट लांब-रुंद व तीन फूट खोल असा खड्डा घ्यावा. अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि पुढील सर्व खर्च त्यावर अवलंबून आहे. कुदळीला दोन फुटांच्या आत कठीण मुरूम अगर दगड लागला तर काळजीचे कारण उरत नाही. खालची माती ओली करून हातात वळली असता तिची लांब वळी तुटल्याशिवाय झाली तर ती चिकण समजावी. खड्ड्यात विटांचे तुकडे, प्लास्टिक, सिमेंटचे खपले निघाले तर ती भरावाची जागा होय, मग विक्रेत्याने काहीही सांगितलेले असो.

खाडीपासून जवळच्या जागी हा खड्डा अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत, मुद्दाम पाहावा. तळाशी पाणी येऊ लागले व ते जिभेला खारट लागले तर भरतीचे पाणी खालून पोचते हे उघड झाले. नवी मुंबईचे काही भाग उधाणाच्या पातळीहून खाली असल्याने तेथे पावसाचे पाणी धारण तलावांत साठवून ओहोटीच्या वेळी खाडीत सोडण्याची व्यवस्था आहे. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली म्हणजे पाणी उतरण्यास वेळ लागतो. तेवढा वेळ आपले जोते पाण्याच्या वर राहिले पाहिजे. यास्तव मागील पावसाळ्यात पाणी कोठवर चढले होते ती खूण शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून, अगर कुंपणाच्या भिंतीवरील डागावरून शोधून काढावी व तिच्यावर निदान एक फूट उंच जोत्याचा माथा धरावा. अशी खूण कोठेच नसेल तर भोवतालच्या जमिनीपासून एक फूट उंची घ्यावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. खाडीलगतच्या परसाची हद्द पुष्कळदा तिवरांच्या झाडीला भिडलेली असते, आणि तिकडे थोडी भर टाकून जागा वाढविण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभरातील कांदळवनांचा नाश थांबविण्याचा आदेश देऊन त्यांच्या कडेपासून ५० मीटरपर्यंतच्या बांधकामासही मनाई केली. शिवाय, तिवरे तोडलेली जागा म्हणजे सर्वांत मऊ चिखलाची जागा. तेथे घातलेले जोते टिकतही नाही. इतरत्रही, परसात लहानसे पक्के जोते घालण्यापूर्वी महानगरपालिका अथवा सिडको यांपैकी ज्यांच्या हद्दीत जागा असेल त्यांच्या कार्यालयात परवानगीची विचारणा करावी, आणि जमिनीखालून पाण्याचा नळ किंवा विजेची तार गेली आहे काय याची खात्री करून घ्यावी.

आखणी

जोत्याचे माप निवडताना ९ फूट × १२ फूट हे माप घेतल्यास एक मोठी सोय होते. या मापाचा कर्ण बरोबर १५ फूट येतो. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून बाजू मोजाव्या व मग दोन्ही कर्ण मोजावे. दोन्ही १५ फूट भरले म्हणजे चारी कोन काटकोन झाले, गुण्या लावण्याचेही कारण नाही. दुसरे कोणतेही माप घेतले तरी दोन्ही कर्ण एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. बाजू बरोबर असून कर्ण जुळत नसतील तर आकृती तिरकी झाली आहे असे समजून खुंट्या सरकवाव्या. या टप्प्यावर चुकलेला एक इंच पुढे पत्रे बसविताना तीन इंच होऊन समोर येतो.

खुंट्या नेमक्या कोपऱ्यावर ठोकल्या तर खोदताना त्या उखडतात. म्हणून प्रत्येक कोपऱ्याच्या बाहेर दोन हातांवर जादा खुंट्या घेऊन त्यांवरून दोऱ्या ताणाव्या. दोऱ्या जेथे एकमेकींना छेदतात तो कोपरा.

पातळी घेण्यासाठी लांब फळीवर पाणसळ ठेवणे चालते, परंतु बारा फुटांची सरळ फळी मिळणे कठीण, आणि वाकड्या फळीवरील पाणसळ वाकडीच साक्ष देते. गवंडी ज्याला लेव्हल पाईप म्हणतात ती पारदर्शक नळी याहून स्वस्त व अधिक भरवशाची. वीसपंचवीस फूट नळी घेऊन ती पाण्याने भरावी. दोन्ही टोके एकत्र धरली असता दोहोंतील पाणी एका रेघेत आले पाहिजे. न आल्यास नळीत कोठे तरी हवेचा बुडबुडा अडकला आहे. तो नळी झटकून व टिचकी मारून काढल्याखेरीज पुढे जाऊ नये. मग एक टोक जमिनीच्या सर्वांत उंच कोपऱ्यातील खुंटीला व दुसरे क्रमाने इतर तीन खुंट्यांना लावून प्रत्येकीवर पाण्याच्या रेघेची खूण करावी. खूण करताना दोन्ही टोके उघडी असावी. एका टोकावर अंगठा तसाच राहिल्यामुळे सगळी आखणी फसल्याची उदाहरणे कमी नाहीत. चारी खुणांपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले की जमीन कोणत्या बाजूस किती उतरती आहे हे आपोआप कळते. डोळ्यांना सपाट भासणाऱ्या परसात चार-सहा इंचांचा फरक सहज निघतो.

दाराची दिशा याच वेळी ठरवावी. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून दार पूर्वेस अगर उत्तरेस ठेवणे इष्ट. नारळाखाली अवजारघर करू नये, हे सांगण्याची गरज नसावी. तरीही लोक करतात, आणि पत्र्याला पोचे पडतात.

खोदाई आणि भराव

आखलेल्या जागेतील वरची नऊ इंच माती काढून टाकावी. ही माती परसातील सर्वांत सुपीक माती असते. ती गाडीवानाला देऊन न टाकता वाफ्यांत पसरावी. जोत्याखाली मात्र ती नको, कारण तिच्यातील मुळ्या व पालापाचोळा कुजून पोकळी पडते आणि त्या वाटेने वाळवी वर येते. झाडाचे खोड गाडून वर भराव घालणे म्हणजे वाळवीला शिधा बांधून देणे होय.

उताराच्या जागी सर्वाधिक घडणारी चूक अशी: वरच्या अंगाची माती खणून ती खालच्या अंगाला ओढली जाते, वरवर पाहता जागा समतल होते आणि त्याच दिवशी फरशी मांडली जाते. अशा जोत्याचा अर्धा भाग जुन्या घट्ट जमिनीवर व अर्धा कालच्या सुट्या मातीवर उभा राहतो. पहिल्याच पावसाळ्यात खालचा अर्धा भाग बसतो, वरचा जागेवर राहतो आणि फरशीला बरोबर मधोमध तडा जातो. बारा फुटांत एक फूट उतार असेल तर शक्यतो सर्व जागा वरच्या अंगाने खणून मूळ जमिनीवरच जोते बसवावे. ते शक्य नसेल तर उतार पायऱ्यापायऱ्यांनी कापावा, म्हणजे भराव तिरप्या पृष्ठावरून घसरणार नाही. आणि खालच्या अंगास काळ्या दगडाचा जाड गडगा रचून मगच आत मुरूम भरावा. गडग्याच्या सांध्यांतून पाणी निथळू द्यावे. तो सिमेंटने लिंपून टाकण्याची हौस येथे घातक ठरते, कारण मागे कोंडलेले पाणी भिंतीलाच बाहेर ढकलते. वरच्या अंगास, जोत्यापासून दोन फुटांवर, अर्धचंद्राकार चर खणून डोंगराचे पाणी दोन्ही बाजूंनी काढून द्यावे. हा चर नसेल तर बाकीचे सर्व काम व्यर्थ आहे.

सपाट जागी चारी कडांनी नऊ इंच रुंदीची दगडाची किंवा चिऱ्यांची कड बांधून आत भराव घालतात. भरावाला मुरूमच घ्यावा. खाचराची काळी माती फुकट मिळते म्हणून घालू नये. इमारतींचे मोडीत निघालेले सामान शहरात ट्रकच्या ट्रक मिळते. तेही निवडल्याशिवाय वापरू नये, कारण मोठ्या खपल्यांच्या खाली पोकळ्या राहतात आणि त्यांत उंदीर, घुशी व पाठोपाठ साप वस्तीस येतात.

हिशोब असा: ९ × १२ फुटांच्या जोत्यात कड वजा जाता आतली जागा साडेसात फूट × साडेदहा फूट, म्हणजे सुमारे ७९ चौरस फूट उरते. खणलेले नऊ इंच व जमिनीवरील बारा इंच मिळून एकवीस इंच उंची भरावयाची. त्यांतून सोलिंगचे सहा व काँक्रीटचे चार इंच सोडले तर दाबलेला मुरूम अकरा इंच, म्हणजे सुमारे ७२ घनफूट लागतो. सुटा मुरूम धुम्मसाने सुमारे एक चतुर्थांश बसतो, हे धरता ९६ घनफूट, जवळजवळ एक ब्रास मागवावा.

तो एकदम ओतून वरून धुम्मस मारल्यास फक्त वरचे चार-पाच इंच घट्ट होतात; खालचा सुटाच राहतो. सहा इंचांचा थर पसरावा, पाणी शिंपडावे, धुम्मसाने दाबावा आणि मगच दुसरा थर घालावा. पाणी किती? मूठभर मुरूम दाबला असता त्याचा लाडू वळावा आणि बोटांना पाणी लागू नये, इतके. कोरडा मुरूम दबत नाही आणि चिखल झालेला मुरूम धुम्मसाखालून बाजूला सरकतो. कोपरे व कडा यांकडे अधिक लक्ष द्यावे, कारण ओझे तेथेच येते आणि धुम्मस मारणारा माणूस स्वभावतः मध्यभागीच उभा राहतो. थर पुरा झाला की कंबरेच्या उंचीवरून पहार उभी सोडून पाहावी. ती सर्व ठिकाणी सारखीच, थोडीशी रुतली पाहिजे. जेथे ती खोल जाते तेथे पुन्हा पाणी आणि पुन्हा धुम्मस.

भाताच्या झोडणीसाठी खळे करताना गावोगावी हेच केले जात असे. जागा खरवडून, पाणी मारून, चोपून आणि शेणाने सारवून केलेल्या खळ्याला भेग पडत नसे, कारण ते चोपण्यात कुचराई केली तर भाताचे दाणे भेगांत जात. नुकसान डोळ्यांपुढे होते, म्हणून काम चोख होत असे.

एक पावसाळा थांबणे

खाडीकाठच्या व खाचराच्या जमिनीबाबत एक सूचना अनेकांस रुचणार नाही, परंतु ती द्यावयास हवी. भराव वैशाखात पुरा करावा, त्याला मध्ये किंचित उंचवटा ठेवावा आणि एक पावसाळा त्यावर काहीही बांधू नये. चार महिन्यांचा पाऊस जे धुम्मस मारील ते माणसाच्या हातून होणे नाही. दिवाळीनंतर पुन्हा लेव्हल पाईप लावून पाहावे. जेथे जमीन बसली असेल तेथे मुरूम घालून दाबावे आणि मग सोलिंग व काँक्रीट करावे. ज्यांना सामान ठेवण्याची घाई आहे त्यांनी तेवढा पावसाळा पोती घराच्या पडवीत ठेवावी; ते दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते.

खाली मऊ चिकण खोलवर असेल तर एक पावसाळाही पुरत नाही. तेथे काँक्रीटचा अखंड थर घालण्याचा आग्रह सोडावा. हलकी चौकट सहा किंवा आठ सुट्या दगडी बैठकींवर ठेवावी आणि चौकट व दगड यांच्यामध्ये लाकडी पाचरी बसवाव्या. एखादा कोपरा खचला की पाचर ठोकून तो उचलता येतो. अखंड थर तडकला म्हणजे फोडण्याखेरीज इलाज राहत नाही. अशा घरात पोती एका भिंतीला न रचता दोन्ही बाजूंस सारखी वाटून ठेवावी.

वरचा थर

पक्क्या जमिनीवर मात्र काँक्रीटचा थर उत्तम. दाबलेल्या मुरमावर सहा इंच उंचीचे दगड हाताने उभे लावून सोलिंग करावे, फटींत चिपा ठोकाव्या व वरून बारीक मुरूम घालून पाणी मारावे. त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरल्यास खालची ओल वर चढत नाही. चार इंच जाडीच्या थरासाठी एक भाग सिमेंट, तीन भाग रेती व सहा भाग खडी हे प्रमाण पुरे. कडेसह ९ × १२ फुटांच्या माथ्यास ३६ घनफूट काँक्रीट लागते. त्यासाठी सिमेंटची सुमारे साडेचार पोती, रेती १७ घनफूट व खडी ३४ घनफूट धरावी. खाडीची न धुतलेली रेती आणि विहिरीचे मचूळ पाणी वापरू नये. त्यांतील क्षाराने लोखंडी बोल्ट गंजतात आणि फरशीवर पांढरे फूल येते.

येथे समतल या शब्दाचा थोडा विचार करावयास हवा. ज्या कडेवर चौकट बसते ती चारी बाजूंनी एका पातळीत असावी, त्यात तडजोड नाही. आतली फरशी मात्र दाराकडे इंचभर उतरती ठेवावी, म्हणजे फवारणीचा पंप धुतलेले पाणी आत साचणार नाही. जोते भिंतीच्या बाहेर ओट्यासारखे पुढे काढू नये. छपराच्या पागोळ्या त्यावर पडून पाणी चौकटीखाली शिरते. छपराची वळचण दीड फूट बाहेर असावी. चौकट घट्ट बांधण्याचे बोल्ट काँक्रीट ओले असतानाच बसवावे, नाहीतर ज्येष्ठातील वाऱ्यात हलके घर जोत्यावरून सरकते. लाकडाचा कोणताही भाग मातीला लागता कामा नये.

काँक्रीट आवळून आले की कडेने मातीची लहानशी आळी करून त्यावर सात दिवस पाणी उभे ठेवावे. ही आळीच जोत्याची पहिली परीक्षा घेते: पाणी एका कोपऱ्यात खोल आणि दुसऱ्यात उथळ दिसले तर चूक कोठे आहे हे गवंडी गावात असतानाच कळते.

घर उभे राहिल्यावर पहिल्या पावसाळ्यानंतर चारी कोपऱ्यांची पातळी पुन्हा घ्यावी व ती आतल्या बाजूस खडूने लिहून ठेवावी. पाव इंचाचा फरक चिपेने भरून निघतो. इंचाहून अधिक फरक असेल तर प्रथम वरचा चर तुंबला आहे काय व पागोळ्यांचे पाणी त्या कोपऱ्याशी मुरते आहे काय हे पाहावे. बहुतेक वेळा कारण तेथेच सापडते. पाण्याची वाट मोकळी केल्याशिवाय कोपरा उचलू नये, आणि उचलण्यापूर्वी आतली पोती बाहेर काढावी.